मुहूर्तावर सुरू केलेलं मशीन

मला कॉम्प्युटरमधलं कळतं, असा आमच्या घरात समज आहे. एकदा मी मेहुण्यांच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढला होता, तेव्हापासूनचा. तो समज मी कधी मोडला नाही, आणि ते शेवटी ताईला भोवलं.

ताईची लोहाऱ्याला माती तपासायची प्रयोगशाळा आहे. कोणाच्या वावरात सेंद्रिय कर्ब किती, स्फुरद किती, हे सात वर्षांचं सगळं कोपऱ्यातल्या एका जुन्या सर्व्हरमध्ये होतं. तो घरघरायला लागला तेव्हा मी त्याची डिस्क जशीच्या तशी नव्या मशीनच्या डिस्कवर उतरवली. काम पूर्ण झाल्याचं पडद्यावर आलं आणि मी ऐटीत चहा मागवला.

ताई म्हणाली, एकदा नवं सुरू करून तर पाह्य. मी म्हटलं, दोन दिवसांवर दसरा आहे, मुहूर्तावरच करू. प्रयोगशाळा तिची, आणि मुहूर्त काढणारा मी! खंडेनवमीला दोन्ही मशीनं पुसून हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. त्या दिवशी हत्यार चालवत नाहीत म्हणून जुन्यालाही बंद करून विश्रांती दिली.

दसऱ्याला नव्याचं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली, की सुरू करता येईल अशी डिस्क सापडत नाही. घाईनं जुनं लावलं. त्याच्या डिस्कनं चारदा टकटक केलं आणि ती कायमची गप्प झाली. आणखी एखादी प्रत का नव्हती, हे विचारू नका. ती ठेवायचं कामही माझ्याकडेच होतं.

मग मी मोबाइलवर वाचत वाचत सेटिंगा बदलल्या. जुनं मशीन सुरू व्हायची पद्धत वेगळी, नव्याची वेगळी, हे तेव्हा कळलं. नव्याला जुन्या पद्धतीवर आणलं, तर पडद्यावर सुरू होतानाचा गोल फिरायला लागला. ताई खुर्चीवरून अर्धी उठली. मग पडदा निळा झाला आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून. डिस्क काढून लॅपटॉपला जोडली. फायली दिसल्या, पण उघडल्यावर नुसती चित्रविचित्र अक्षरं. ज्या प्रोग्रॅममध्ये त्या उघडायच्या, तो त्या मशीनबाहेर चालत नव्हता आणि तो बनवणारा गाव सोडून गेलेला.

तिसऱ्या दिवशी नेर गावाकडचे एक शेतकरी आले. हरभरा पेरायच्या आधी त्यांना आपल्या वावराचे मागचे आकडे हवे होते. शेणखत टाकून टाकून कर्ब वाढला की नाही, एवढंच पाहायचं होतं. कागद घरी ठेवलेच नव्हते. ताईजवळ आहेत म्हणून निश्चिंत होते.

ताईनं त्यांच्यापासून काही लपवलं नाही. म्हणाली, "काका, माती तं वावरातच हाय ना. पुन्हा आना, मी फुकट तपासून देते."

त्यांनी निळ्या पडद्याकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "आन्‌तो ना बाई. पन सात वर्साआधीची माती कुठून आनू?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मी मान खाली घालून पुन्हा बटण दाबलं.