गळ्यातलं फडकं

मी अर्कचित्रं काढते असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी ‘म्हणजे कार्टून ना?’ म्हणतो आणि लगेच ‘माझं काढा बघू’ म्हणतो. वीस वर्षं हे ऐकतेय. मुलुंडच्या आमच्या घरात काचा लावून बंद केलेली एक बाल्कनी आहे, तिथे माझं टेबल. लग्नाच्या रिसेप्शनमध्ये पाहुण्यांची चित्रं, दिवाळी अंकांतले विनोदी प्रसंग, मुलांच्या पुस्तकांतली मांजरं, जे येईल ते मी काढत आले.

दोन वर्षांपूर्वी कामं एकदम कमी झाली. फोटो टाकला की चित्र करून देणारी ॲप लोकांच्या हातात आली होती. जे संपादक दर उन्हाळ्यात न चुकता फोन करायचे, त्यांनी त्या वर्षी फार गोड शब्दांत नाही सांगितलं. मी एका शाळेत चित्रकला शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज लिहून ठेवला. पाठवायचा धीर होत नव्हता, इतकंच.

अशात एक दिवस साकीनाक्याहून एका बाईंचा फोन आला. त्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये तयार झालेल्या पार्टची मापं तपासायचं काम करत होत्या. त्यांचे फोरमन निवृत्त होणार होते आणि सगळ्यांना मिळून त्यांना त्यांचं चित्र द्यायचं होतं.

“ॲपवर करून बघितलं नाही का?” मी विचारलं. आवाजात जरा कडवटपणा आलाच.

“बघितलं ना. हिरो आला त्यात. आमचे काका हिरो नाहीत हो. नाक बघा, मग कळेल तुम्हाला.”

त्यांनी सात फोटो पाठवले. एकाही फोटोत काका हसत नव्हते. नाक मात्र सगळ्यांत माणसाच्या आधी पोचलेलं. भुवया झाडूसारख्या, कान मागे दाबून बसवल्यासारखे. असा चेहरा वर्षातून एखादाच मिळतो. मी खूश झाले आणि दोन दिवसांत चित्र पूर्ण केलं. काका लेथच्या, म्हणजे धातू फिरवून कातणाऱ्या मशीनच्या मागे, तोंड आपल्याकडे करून उभे आहेत आणि नाक मशीनवरून पुढे आलंय. चित्र थोडं सुकं वाटलं म्हणून हातांत मोठाले पिवळे मोजे घातले आणि गळ्यात लाल चौकड्यांचं फडकं बांधलं. त्याची टोकं वाऱ्यावर उडताना दाखवली. फोटोत यातलं काहीच नव्हतं. पण कामगार म्हटलं की माझ्या हातून फडकं येतंच.

निरोपाचा कार्यक्रम जेवणाच्या सुट्टीत होता. मलाही बोलावलं होतं. मशीन बंद होती, बाकांवर वर्तमानपत्र अंथरून वडे आणि पेढे मांडले होते. बाईंनी फ्रेम काकांच्या हातात दिली. काकांनी चष्मा बदलला आणि चित्र उजेडाकडे धरलं. नाकावरून राग येणार असं मला वाटलं. ते तसं नेहमीचंच. माझी दोन-तीन उत्तरं तयार असतात.

“नाक बरोबर आसा,” काका म्हणाले. सगळे हसले. मग त्यांनी मान वर केली. “ह्या चित्र काढलां कोणी?”

“मी,” मी म्हटलं.

“लेथ कधी बघितलास?”

“फोटोत बघितलाय.”

“कातायचा तुकडा धरून फिरवणारा चक कारागिराच्या डाव्या हाताला असतो. तू उजव्या हाताला काढलास. ते एक वेळ चालेल. पण चालत्या मशीनवर हातमोजे? आणि गळ्यात हे काय? हे फडकं एकदा फिरत्या चकात सापडलं, तर माणूस पाठोपाठ आत जातो.”

आवाज चढलेला नव्हता. त्यामुळेच ते जास्त लागलं. तपासणीच्या बाईंनी खाली बघितलं. त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “तुम्हाला सांगायला हवं होतं. मोजे आणि फडकं यावरून ते रोज कुणाला ना कुणाला ओरडतात.”

काकांनी ते ऐकलं. “ओरडतो, कारण माझ्या डोळ्यांदेखत एकाचा हात गेलाय,” ते म्हणाले. “माझ्याच वयाचा होता. बाही लांब होती, बटण लावलं नव्हतं. बाकी काही चुकलं नव्हतं त्याचं.”

मला तिथून निघून जावंसं वाटलं. मी त्यांच्या नाकावर दोन दिवस घालवले होते आणि ते ज्या एका गोष्टीसाठी आयुष्यभर लोकांशी भांडले, तीच त्यांच्या गळ्यात बांधली होती. मी माफी मागितली. चित्र परत द्या, नवीन काढून देते, असंही म्हटलं.

“घरी बसून काढशील तर परत तेच करशील,” काका म्हणाले. “उद्या सकाळी इकडे ये. अजून चार दिवस आहे मी.”

मी गेले. त्यांनी मला आधी केस घट्ट बांधायला लावले आणि ओढणी काढून बाईंच्या टेबलावर ठेवायला सांगितली. मग खडूने फरशीवर रेघ मारली. “हिच्या पलीकडे पाय नको.” त्याच खडूने त्यांनी जमिनीवर लेथ काढून दाखवला. वरून, समोरून आणि बाजूने, अशी तीन चित्रं, हात न थांबवता. रेघ इतकी सरळ होती, की मी विचारलंच, “काका, शिकलात कुठे?”

“मशीनला तोंड नसतं. कोणाला काही समजवायचं तर काढूनच दाखवायला लागतं.”

चारही दिवस मी तिथे बसून रेखाटत होते. काका कधी हसतात तेही मला दुसऱ्या दिवशी कळलं. कातताना पोलादाचा कीस न तुटता लांब, कुरळा होऊन बाहेर पडला, की त्यांचा डावा डोळा आधी बारीक व्हायचा आणि मग मिशी हलायची. बघणाऱ्याला कळणारही नाही इतकं ते हसू. फोटोत ते सापडणं शक्यच नव्हतं. नव्या चित्रात मी तेच काढलं. बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, गळा मोकळा, चक डाव्या हाताला, आणि नाक पहिल्यापेक्षाही मोठं.

ते बघून काका म्हणाले, “आता ह्यो माणूस संध्याकाळी घरी जाईल.”

पहिलं चित्र मी फाडायला मागितलं. त्यांनी दिलं नाही. कुणाकडून तरी लाल मार्कर घेतला, मोज्यांवर आणि फडक्यावर फुल्या मारल्या आणि ते पाण्याच्या पिंपाजवळ लावून टाकलं. बाईंनी नंतर मला फोनवर सांगितलं, की पाणी प्यायला येणारा प्रत्येक जण तिथे थांबतो, हसतो आणि जाताना नकळत स्वतःची बाही वर करतो. काकांच्या सूचनांचा छापील कागद त्याच भिंतीवर कितीतरी वर्षं होता. तो कोणी वाचलेला त्यांना आठवत नव्हता.

वर्कशॉपच्या मालकांनी मला बोलावून भिंतीवर पोस्टर म्हणून लावायला आणखी सहा चित्रं मागितली. ड्रिलची, ग्राइंडरची, जमिनीवर सांडलेल्या तेलाची. नंतर शेजारच्या गाळ्यातून विचारणा झाली, मग घाटकोपरच्या, पत्रा कापणाऱ्या एका प्रेसवाल्यांकडून. प्रत्येक ठिकाणी मी आधी जाऊन बसते. काम करणाऱ्यांना विचारते, की इथे नवीन माणूस पहिली चूक कोणती करतो. या प्रश्नावर सगळेच बोलायला लागतात आणि बरेच जण स्वतःचीच फजिती सांगतात. ती ऐकताना माझ्या हातातली पेन्सिल चालू असते. माणसं नाक मोठं काढल्यावर रागावत नाहीत. उलट आपण चित्रात आहोत का, हे शोधतात.

काका आता कणकवलीजवळ त्यांच्या गावी असतात. नवीन पोस्टर झालं की छापण्याआधी त्यांना फोटो पाठवते. कधी ‘चालेल’ एवढंच येतं, कधी दहा मिनिटांचा फोन. परवाच्या चित्रात ग्राइंडरवाल्याचा चष्मा मी विनोद म्हणून कपाळावर सरकवला होता.

“तो चष्मा डोळ्यांवर घे,” काका म्हणाले. “हसायला दुसरं काहीतरी शोध.”

मी शोधतेय. सोमवारी साकीनाक्याला जायचंय, केस घट्ट बांधून.