एलिएसेरच्या फोल्डरमधली लायब्ररी

सोइला तोआपांता माझ्या शाळेत सहा वर्षं होती. गणितात बरी, पण फळ्याजवळ बोलावलं की तिचे तळहात घामाने ओले व्हायचे. आता ती पस्तिशीची आहे, मला अजून प्रोफे, म्हणजे बाई, म्हणते, आणि पिल्यालोमा गावचा कॉम्प्युटर तीच सांभाळते.

त्या कॉम्प्युटरवर आमचे जीव अवलंबून आहेत. वर डोंगरात, नदीकाठी एक यंत्र पुरलेलं आहे. मोठा पाऊस झाला की ज्वालामुखीची राख चिखल होऊन नदीतून सुटते. त्याने जमीन थरथरते, यंत्राला ते कळतं आणि चर्चवरचा भोंगा वाजतो. तिथून चिखल गावात पोहोचायला अठरा मिनिटं.

मार्चमध्ये वीज पडून जुना कॉम्प्युटर जळाला. डिस्क तेवढी वाचली. नवा आला, पण यंत्राचे संदेश वाचणारी लायब्ररी, म्हणजे मुख्य प्रोग्रॅमला लागणारा कोडचा संच, त्याच्यासाठी तयार मिळेना. मूळ कोडवरून आपणच ती वेगळी कंपाइल करायची आणि प्रोग्रॅमला जोडायची; तोवर भोंगा मुका. हे काम सोइलाला शिकवणारा एलिएसेर करायचा. तो गेल्या वर्षी वारला.

मंगळवारी दुपारी मी बटाट्याचं सूप घेऊन चर्चमधल्या कॉम्प्युटरच्या खोलीत गेले. सोइला पडद्यावरच्या लाल ओळीकडे बघत बसली होती.

"प्रोफे, लायब्ररी बिनतक्रार तयार झाली. पण प्रोग्रॅम म्हणतो, ही या मशीनची नाहीच. आत्ता इथेच केली ना मी!"

तेवढ्यात रेडिओ खरखरला. वरच्या चौकीवरचा पहारेकरी सेगुंदो होता. "सोइलिता, इथे धो धो पडतोय. ढगात माझं नाकसुद्धा दिसेना, आणि माझं नाक तुला माहितीये."

"नदी दिसते का?"

"नाक दिसेना म्हटलं, नदी कुठली!"

ती हसली नाही. तिची आई खालच्या कुरणात गाईंपाशी होती.

"बोलावून घे की सगळ्यांना वर," मी म्हटलं.

"या आठवड्यात दोनदा बोलावलं. काही झालं नाही. आई म्हणाली, आता भोंगा वाजला तरच येईन, तुझ्या घाबरटपणापायी गाई उपाशी ठेवणार नाही."

मी खुर्ची ओढली. "कॉम्प्युटर काय म्हणतो ते मी मोठ्याने वाचते. तू डोळे मिटून ऐक."

कॉन्फिगरेशनची, म्हणजे जोडणीआधी कॉम्प्युटर काय कुठे शोधतो त्याची, नोंद लांबलचक होती. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी नुसती वाचत गेले. लायब्ररी सापडली, असं सांगणाऱ्या ओळीत एलिएसेरचं नाव आलं आणि सोइलाने डोळे उघडले.

आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या वस्तूंना लगेच कोणी हात लावत नाही. एलिएसेरचा कपसुद्धा अजून तिथेच खिळ्याला होता. सोइलाने जुन्या डिस्कवरचा त्याचा फोल्डर नव्या कॉम्प्युटरवर जसाच्या तसा, त्याच जागी ठेवला होता. कॉन्फिगरेशन आधी तिथेच शोधायचं आणि जुन्या मशीनसाठी केलेली त्याची लायब्ररी उचलायचं. हिच्या लायब्ररीकडे ते फिरकलंच नव्हतं.

तिने छातीवर क्रूस काढला. "माफ करा, गुरुजी." फोल्डर हलवला आणि पुन्हा चालवलं.

तीच लाल ओळ.

"गुरुजी मला सोडत नाहीत, प्रोफे," ती म्हणाली. खरं सांगायचं तर माझ्याही अंगावर काटा आला.

तिने सेगुंदोला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नुसती खरखर.

"कॉन्फिगरेशन आधीचं उत्तर लिहून ठेवतं," ती एकदम पुटपुटली. "पुन्हा शोधतच नाही!" तिने ती साठवलेली उत्तरं पुसली, स्वतःच्या लायब्ररीची जागा हाताने लिहून दिली आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं. ओळी धावू लागल्या. लाल एकही नव्हती.

"बॅटरी बदलत होतो," रेडिओ म्हणाला. "एवढ्यात मला पुरलंत की काय?"

पडद्यावर यंत्राची रेघ उमटली होती. ती सरळ असायला हवी होती. ती बोटभर जाड होऊन थरथरत होती. डोक्यावर भोंगा वाजू लागला.

रेघेवर लक्ष ठेवायचं म्हणून सोइलाला जागा सोडता येईना. मी खिडकीत उभी राहिले. लोक चढावर धावत होते, पोरं, कोंबड्या, कोणी तर गादीसुद्धा घेऊन.

"आई दिसते का?"

"अजून नाही."

दहा मिनिटं झाली. बारा.

"प्रोफे, दिसते का?"

मला तिच्याशी खोटं बोलवेना. "नाही, पोरी."

चौदाव्या मिनिटाला नदीच्या पुलावर एक लाल शाल दिसली. म्हातारी एका हाताने वासरू ओढत होती आणि दुसरा हात आमच्या खिडकीकडे उगारून काहीतरी ओरडत होती.

"दिसली," मी म्हटलं. "पूल ओलांडला. तुला शिव्या देते आहे."

सोइलाने मान हलवली, पण नजर रेघेवरून काढली नाही. थोड्या वेळाने खालून, नदीतून चिखलाचा गडगडाट आला, तेव्हा तिने माझा हात धरला. तळहात ओलाचिंब होता.