वांगं न खाणारा माणूस

नोकरीत हाताळलेली बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत, पण हे एक अजून लख्ख आठवतं. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, साधा एफआयआरसुद्धा नव्हता. हैदराबादेत पावसाळा चालू होता, माझ्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते आणि विद्यानगरचा भाग माझ्या ठाण्याच्या हद्दीत होता. नावं कुणाचीच सांगणार नाही. यातली माणसं सुखात आहेत आणि तशीच राहावीत.

सकाळची हजेरी आटोपत असताना एक चाळिशीचे गृहस्थ अर्ज घेऊन आले. मराठी कुटुंब, निजामाच्या काळापासून इथलंच. स्वतः सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांच्या घरासमोरच्या चहाच्या टपरीवर एक म्हातारा रोज येऊन बसायचा आणि गेटकडे टक लावून बघायचा. शेजाऱ्यांना तो विचारायचा, या लोकांचं आडनाव मूळ कुठल्या गावचं, कुलदैवत कोणतं. घर जुनं, जागा मोक्याची, त्यामुळे कुणीतरी खोटा वारस उभा करतोय असं या गृहस्थांचं ठाम मत होतं. मत अगदीच वेडगळ नव्हतं. असले वारस मी पुष्कळ पाहिले होते.

साध्या कपड्यातला कॉन्स्टेबल पाठवून म्हाताऱ्याला ठाण्यात आणलं. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, पायात रेल्वेवाल्यांचे असतात तसले मजबूत बूट. तारनाक्याला राहतो म्हणाला, रेल्वेतून निवृत्त, तेलुगू घरचा. मी आवाज चढवून पाहिला, एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. खोटं बोलणारा माणूस तयारीनं येतो आणि त्याची गोष्ट गुळगुळीत असते. याची गोष्ट ठिकठिकाणी अडखळत होती.

"मैं चोर नई साब," तो म्हणाला. "घर किसका है मालूम करनेकू आया. अंदर जानेकी हिम्मतच नई हुई."

तेवढ्यात त्याची नात धावतपळत आली आणि तिनं खुलासा केला. हिच्या ऑफिसातल्या मुलींनी हौसेखातर डीएनए तपासणी करून घेतली होती. आपलं इंटिपेरु, म्हणजे घराण्याचं नाव, कुठून आलं हे कळावं म्हणून हिनंही थुंकीचा नमुना पाठवला. आजोबांच्या बाजूनं तेलुगू नातलग निघतील असं वाटलं होतं, निघाले ते सगळे मराठी. आडनाव एकच, पण इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं, त्यामुळे तिला ती तीन घराणी वाटली. मी तिला म्हटलं, माझे दोन काकाच आमचं आडनाव दोन तऱ्हांनी लिहितात, आणि भांडण झालं की दोघंही आपलंच खरं म्हणतात. त्या यादीतल्या पुण्याच्या एकानं तिला सांगितलं होतं, आमची एक शाखा हैदराबादेत विद्यानगरला आहे. मग तिनं घरी विचारलं, तेव्हा आजोबा कधी नव्हे ते बोलले. त्यांना वाढवणाऱ्या आईनं शेवटच्या आजारपणात सांगितलं होतं, की तू आम्हाला बेगम बाजारात सापडलास. मिरची विकायला आलेलं ते निपुत्रिक जोडपं रडणाऱ्या पोराला आपल्या गावी घेऊन गेलं होतं.

गोष्ट ऐकून माझा जीव हलला, हे कबूल करतो. पण ठाण्यात बसून जीव हलवून चालत नाही. यादीवरून लांबचं नातं कळत होतं, हे घर त्याचंच हे कळत नव्हतं.

चौकशीला आणलेल्या माणसाला जेवू घालायचं, हा माझा नियम. भरल्या पोटी माणूस खरं बोलतो असं नाही, पण स्वतःसारखा वागतो. त्या दिवशी बगारा भात आणि बघारे बैंगन आलं होतं. म्हाताऱ्यानं वांग्याचा डबा एका बोटानं टेबलाच्या पार टोकाला सरकवला. नात हसली. तातय्या, म्हणजे आजोबा, कधीच वांगं खात नाहीत, म्हणाली. मी कारण विचारलं, तर त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. लहानपणी पानात वांगं पडलं की आकांत करायचा, शेवटी आईनं नाद सोडला, एवढंच.

आमच्याही घरी खंडोबा आहे. आषाढापासून वांगं बंद होतं. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला तळी भरली, भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला, की ते सुटतं. घरातल्या लहान पोरांनाही त्यातून सूट नसते. माझ्या डोक्यात चक्र फिरायला लागलं.

म्हाताऱ्याला ठाण्यातच बसवून मी अर्जदाराच्या घरी गेलो. त्यांचे वडील पंचाहत्तरीचे, कमी बोलणारे. वांग्याचा उल्लेख मी मुद्दाम केला नाही. घरातलं कुणी हरवलं होतं का, एवढंच विचारलं. मुलगा लगेच नाही म्हणाला. वडिलांनी त्याला पाणी आणायला पाठवलं आणि मग हळूहळू सांगितलं. धाकटा भाऊ होता, पाच वर्षांचा. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी भंडारा घ्यायला सगळे बेगम बाजारात गेले होते. आईनं धाकट्याचा हात यांच्या हातात दिला होता, आणि हे भोवरेवाल्यापाशी थांबले.

"त्या वर्षी तळी भरली का?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "पोरगं दोन दिवस उद्या भरीत, उद्या भरीत म्हणून नाचत होतं साहेब. आई म्हणाली, तो येईल तेव्हाच वांगं सुटेल. आई गेली. मी धरून आहे."

मुलगा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा होता. वडिलांना वांग्याची अॅलर्जी आहे असंच त्याला आजवर वाटत होतं.

वांगं हा पुरावा नव्हे. खंडोबा घरोघरी आहे. वडील त्याच पावली ठाण्यात यायला निघाले होते, पण मुलानं तपासणीचा आग्रह धरला आणि मीही त्याच्याच बाजूनं बोललो. खोटी आशा त्या वयात सोसत नाही. दोघांच्या संमतीनं नमुने प्रयोगशाळेत गेले. अहवाल आला तेव्हा तो वाचून दाखवायला मुलगाच ठाण्यात आला, आणि सख्खे भाऊ हे शब्द त्यानं दोनदा वाचले. अर्ज मागे घेतो म्हणाला. मी म्हटलं, राहू दे, निकाली निघाला असं लिहितो.

वांग्याच्या निमित्तानं भेटायचं चंपाषष्ठीलाच, असं थोरल्यानं ठरवलं. तळी उचलायला माणसं कमी पडली म्हणून मलाही हात लावायला लावला. येळकोट झाला, भंडारा उधळला. पुतण्यानं भीत भीत विचारलं, की काका आता आपलं आडनाव लावणार का. म्हाताऱ्यानं मान हलवली. पाळणाऱ्या बापाचं नाव मी टाकणार नाही म्हणाला, नातीला दोन्ही घरं कळली, बस झालं. मला त्याचं ते बोलणं फार आवडलं.

मग थोरल्यानं भाकरीवर भरीत घेऊन पहिला घास धाकट्याच्या तोंडापुढे धरला.

"तुझा हात मी सोडला रे," तो म्हणाला.

धाकट्याला मराठी येत नव्हती, पण त्याला कळलं. त्यानं थोरल्याचं मनगट धरलं.

"मैंच छुडाया होंगा, दादा. बच्चे छुडातेच ना."

आणि त्यानं तो घास खाल्ला.

खरं कसं काढून घ्यायचं, हे पोलीस खात्यानं मला आयुष्यभर शिकवलं. धाकट्याचं ते वाक्य खरं होतं की नाही, हे कुणालाच कधी कळणार नाही, आणि मला त्याची चौकशी करावीशी वाटली नाही.