नर्मदाबाईंचं गुंतवळ

पालमच्या नर्मदाबाईंना दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक, त्यांची भाकरी आजवर कधी करपली नाही. दोन, त्यांची सून राजेश्री ब्युटी पार्लर चालवते. पहिल्या गोष्टीला भरपूर साक्षीदार होते. ऊसतोडीच्या फडावर अख्ख्या टोळीनं वीस हंगाम त्यांच्या हातची भाकरी खाल्ली होती, तीही पत्र्याच्या तव्यावरची. दुसऱ्या गोष्टीला मात्र यंदा ऐन लग्नसराईच्या तोंडावर धूर लागला.

धूर अगदी खराखुरा. झालं असं, की एका नवरीच्या आईनं 'कोरड्या डोक्यानं बोहल्यावर चढू नये' म्हणून पहाटेच लेकीच्या डोक्यावर वाटीभर खोबरेल जिरवलं आणि कुणाला सांगितलं नाही. राजेश्रीनं केस सरळ करायचं जुनं मशीन लावलं आणि मांडवभर भजी तळल्याचा वास सुटला. दोन-चार वऱ्हाडी तर पंगतीत जागा धरायला धावले. नवरीची एक बट करपली ती करपलीच, आणि बोल मात्र लागला राजेश्रीला.

आता शनिवारी पंकजाचं लग्न. तिच्या आईनं, कडूबाईनं, निरोप धाडला होता, "नवं मशीन आणा, आदल्या दिवशी माझ्यासमोर चालवून दाखवा. न्हाई तर आमी परभणीची बाई बोलावतो." परभणीची बाई एकदा पालमात शिरली, की पुढची सगळी लग्नं तिचीच. एवढं कळायला नर्मदाबाईंना शाळेत जावं लागलं नव्हतं.

"मी येते संगं मशीन घ्यायला," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, तुमाला त्यातलं काय कळतंय?"

"तापलेलं कळतंय."

एवढं बोलून त्यांनी कोनाड्यातला डबा काखेत मारला. डब्यात तीन वर्षांचं गुंतवळ होतं. विंचरताना गळालेले सासूसुनेचे केस त्या जिवापाड जपत. केसांवर भांडी देणारा फेरीवाला वर्षातून एकदा यायचा आणि त्याच्याकडच्या झाकणाच्या पातेल्यावर बाईंचा केव्हाचा डोळा होता. तेच गुंतवळ आता मांडीवर घेऊन त्या एसटीत एकेक केस सोडवत बसल्या.

"मावशी, त्याचं अर्धं तिकीट लागंल बरं का," कंडक्टर म्हणाला.

"फाड की. पर मग त्याला खिडकीची सीट दे."

परभणी येईपर्यंत मेथीच्या बांधतात तशा केसांच्या दोन जुड्या बांधून झाल्या होत्या. राजेश्री मान वळवून बाहेरची कपाशी बघत होती. आपण या बाईंच्या कुणीच नाही, असा तिचा चेहरा होता.

स्टेशन रोडच्या दुकानाचा मालक जीवन मोठा बोलका. त्यानं आधी एक गुलाबी मशीन पुढे केलं. "घ्या ताई. सिरॅमिक. जर्मन टेक्नॉलॉजी."

"सिरॅमिक म्हंजी?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"चिनीमातीचाच प्रकार, मावशी. लोणच्याची बरणी असते ना, तसला. उष्णता सगळीकडं सारखी पसरते."

बाईंनी पट्टीच्या कडेला नख लावलं. नखाखाली भुगा आला. "ही तर कल्हई हाय, बाबा. आत पत्राच हाय."

"आत्याबाई, नख नका ना लावू!" राजेश्री कुजबुजली.

"मग काय दात लावू?"

जीवननं घाईघाईनं दुसरं काढलं. हे सोनेरी होतं आणि खोक्यावर एक हसरी नटी होती. "हेही जर्मन."

"आसंल. जगात जर्मनी न् भारतात परभणी. बटन दाब."

मशीन तापलं. बाईंनी पट्टीवर चार बोटं अंतर सोडून तळहात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, तव्याचा ताव बघतात तसा. मग एक जुडी राजेश्रीच्या हाती दिली. "वढ यातून."

जुडी बाहेर आली तेव्हा मधले केस करपले होते आणि कडेचे तसेच वाकडे होते.

"मधी करपली, कडंला कच्ची. आसली भाकर मी कुत्र्यालाबी टाकीत न्हाई."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हातातलं सामान ठेवून जवळ सरकली. जीवननं सोनेरी मशीन खोक्यात कोंबलं. त्यानं मागच्या फळीवरून एक काळं, सांडशीसारखं बोजड मशीन काढलं. "दिसायला बरं नाही म्हणून कुणी घेत नाही. पण पट्ट्या अख्ख्या सिरॅमिकच्या आहेत. ताप कमी-जास्तही करता येतो."

नखाखाली काही आलं नाही. तळहाताला ऊब सगळीकडे सारखी लागली. दुसरी जुडी सुळकन बाहेर आली, सरळ आणि चकचकीत. बाईंनी ती नाकाला लावून हुंगली. करपल्याचा वास नव्हता.

"ताव सारखा हाय. हेच बांध."

शुक्रवारी कडूबाईच्या ओसरीवर आठ-दहा बाया परीक्षक होऊन बसल्या. राजेश्रीनं मशीन लावलं, तापू दिलं आणि पंकजाची बट हाती घेतली. तेवढ्यात नर्मदाबाईंनी पुढे होऊन पोरीच्या टाळूवर बोट फिरवलं.

"कडूबाई, खोबरेल?"

"जरासंच वो. टाळूपुरतं. लगीनघरात पोरगी कोरडी कशी ठिवायची?"

"म्हंजी मागच्या लग्नातबी मशीन करपलं न्हवतं, आईची मया करपली व्हती. ऊठ गं पंकजा. डोकं धू. वाळल्याबिगर माझी सून हात लावणार न्हाई."

बाया खुसखुसल्या. पंकजानं निमूट डोकं धुतलं आणि तासभर उन्हात बसली. मग राजेश्रीनं पहिली बट ओढली. कडूबाईनं नाक पुढे केलं. दुसरी बट, तिसरी बट. नाकाला काहीच सापडेना. शेवटी सगळे केस पाठीवर सरळ उतरले, तेव्हा कडूबाई एवढंच म्हणाली, "उद्या सात वाजता या. उशीर नगं."

उठता उठता दोन बायांनी आपापल्या घरच्या लग्नाच्या तारखाही सांगून टाकल्या. नर्मदाबाईंची मान त्या दिवशी जी ताठली, ती आठवडाभर खाली आली नाही.

पुढच्या आठवड्यात फेरीवाला आला. पार्लरच्या आरशाला अडकवलेली सरळ जुडी बघून त्यानं झाकणाचं पातेलं आपण होऊन पुढे केलं. "मावशी, असले केस मी आजवर बघितले नाहीत. देऊन टाका."

नर्मदाबाईंनी पातेल्याकडे बघितलं. पुन्हा एकदा बघितलं. मग तोंड फिरवलं.

"न्हाई जमायचं. सुनंला दुसरं मशीन घ्यायचंय. तपासाया लागंल."