गार बोटं

शेजारचे काका नंदेसरीच्या रसायनांच्या कारखान्यातून दमा घेऊनच निवृत्त झाले होते. बोलताना धाप लागे, पण त्यांचं वाक्य दुसऱ्या कुणी पुरं केलेलं त्यांना खपत नसे. लहरीपुऱ्याच्या बाजारातून त्यांनी ऑक्सिमीटर आणला, तोही आधी माझ्या बोटाला लावून पाहिला.

थंडीतल्या एका सकाळी काकांच्या बोटावर अठ्ठ्याऐंशीचा आकडा आला. काका घाबरले. मी रिक्षा आणायला उठलो.

"बोटं गार पडलीत यांची. थांब ने जरा," म्हणत काकूंनी त्यांचा हात हातात घेऊन चोळला. पुन्हा लावल्यावर पंच्याण्णव दिसलं.

दुसऱ्या दिवशी काका उन्हात बसले होते. तरी यंत्र लावण्याआधी त्यांनी काकूंपुढे हात केला.