काथवट, फळी आणि स्वित्झर्लंड

जगातल्या हिवाळी क्रीडास्पर्धांत मी उतरलो, तेव्हा कर्जतला बर्फ फक्त पहिल्या वर्गाने जाणाऱ्या साहेबाच्या सोड्यातच दिसत असे.

मी तेव्हा कर्जत स्टेशनात मालाच्या पावत्या फाडणारा कारकून होतो. आईबाप लहानपणीच गेलेले, त्यामुळे स्टेशनालगतच्या भिसेगावात दत्तूमामा आणि मामीकडे राहत होतो. लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. बायको यमुना दिवाळीला चौकला माहेरी गेली आणि पौष आला तरी माहेरीच राहिली. कारण काय, तर लग्नातली पंगत! सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, मामाचा पाट आपल्या शेजारी मांडून ठेवला होता, आणि मामा जाऊन बसला पार मागच्या पंगतीत, लढाईतल्या जुन्या सोबत्यांशेजारी! अण्णांनी ते मनाला लावून घेतलं. "तुमच्या मामांनी येऊन हात जोडावेत, मग पोर धाडतो," असा त्यांचा निरोप. मामा म्हणे, "मी जर्मनापुढं हात जोडले नाय!" (मामा पहिल्या महायुद्धात फ्रान्सात खेचरं हाकायला होता. जर्मन त्याने लांबूनही पाहिला नव्हता. बर्फ मात्र पाहिलं होतं.)

दोघांच्या या ताठ्यात मी मात्र भर थंडीत एकटा!

अशात गाडीच्या डब्यात एका साहेबाने टाकून दिलेलं सचित्र साप्ताहिक माझ्या हाती लागलं. पानोपानी स्वित्झर्लंडचं बर्फ. देशोदेशींचे लोक तिथे जमून घसरण्याच्या शर्यती लावतात, असं त्यात छापलं होतं. मी घरी वाचून दाखवू लागलो.

"पायाला फळ्या बांधून डोंगरावरनं उड्या मारतात," मी म्हणालो.

"मारतात. मी बघितल्यात," मामा म्हणाला. (बघितल्या नव्हत्या.)

"नॉर्वेची एक अकरा वर्षांची मुलगी बर्फावर नाचली आणि शेवटची आली. पुढच्या खेपेला तीच सगळ्यांना हरवून पहिली!"

"तिच्या बापानं जाऊ दिलं?" मामीने विचारलं.

"बाप बरोबर गेला होता."

"आन् ह्या चित्रात काय चाललंय गं बाई?"

"हा एक मोठा दगड घसरवतात आणि दोन बाप्ये त्याच्या पुढे झाडू मारत पळतात."

मामीने हातातली भाकरी परातीत ठेवली. "बाप्ये झाडू मारतात? तीच स्पर्धा घ्या रं आपल्याकडं!"

पण मामाचं बोट भलत्याच चित्रावर स्थिरावलं होतं. एका घसरगाडीत एकामागे एक चौघे चिकटून बसलेले. पुढचा दोरीने गाडी वळवतो, मागचा ब्रेक लावतो. मामाचे डोळे चमकले. लावणीआधी बैलांमागे बांधून चिखल सारखा करायची आमची लांबलचक फळी गोठ्यात नुसती पडून होती.

दुसऱ्याच दिवशी मामा मामीला घेऊन चौकला गेला. हात जोडायला नव्हे, आव्हान द्यायला! चौक आणि खालापूरच्या मधे एक टेकडी आहे, हिवाळ्यात तिच्यावरचं गवत वाळून असं गुळगुळीत होतं की बकऱ्यासुद्धा जपून उतरतात. तिथे शर्यत. आमची फळी आधी खाली पोचली तर यमुनेला त्याच दिवशी आमच्या बैलगाडीतून कर्जतला धाडायचं. अण्णा आधी पोचले तर मामाने सगळ्यांदेखत हात जोडायचे.

"पण तिकडं बर्फावर करतात ना?" अण्णांनी शंका काढली.

"एकदा गरम वारं सुटलं आन् बर्फच वितळलं. शर्यत अर्ध्यात सोडावी लागली. पेपरात हाय!"

"मग आपलं गवतच बरं. ते वितळायचं नाय," अण्णा म्हणाले आणि घरातली लग्नकार्याची थोरली काथवट, पीठ मळायची लाकडी परात, मागवली.

पंच म्हणून मामाने मामीचं नाव सुचवलं. अण्णा उसळले, "पंच तुमच्याच घरातला?"

"लग्न झाल्यापासून ती एकदाही माझ्या बाजूनं बोललेली नाय. बेधडक घ्या!"

अण्णांनी मामीकडे एकवार पाहिलं आणि कबूल झाले.

शर्यतीच्या सकाळी दोन्ही गावं टेकडीखाली लोटली. पायथ्याशी चुन्याची रेघ मारलेली, रेघेपाशी कंबरेवर हात ठेवून मामी, आणि तिच्यामागे डोक्यावर पदर घेतलेली यमुना. दोन महिन्यांनी दिसत होती. मी छाती पुढे काढली. (वर टेकडीवर माझी छाती तिला दिसणं शक्य नव्हतं, पण काढली.)

अण्णा काथवटीत मांडी घालून बसले, डोक्यावर पागोटं, चेहऱ्यावर सत्यनारायणाला बसल्यासारखा भाव. आमच्या फळीवर पुढे मामा, हातात कासरा. मागे मी.

"तू ब्रेक," मामा म्हणाला.

"म्हणजे मी काय करायचं?"

"मी वरडलो की टाचा रोवायच्या!"

यमुनेच्या भावाने काथवट ढकलली, गावकऱ्यांनी फळी ढकलली, आणि त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. वारा कानात शिरला. मामा कासरा ओढत होता, पण फळीला ती बैलांमागची फळी असल्याची सवय! तिला पुढे बैल दिसेनात, म्हणून ती मन मानेल तिकडे निघाली.

"ब्रेक!" मामा ओरडला.

मी टाचा रोवल्या. वाळल्या गवतात टाचा रोवणं म्हणजे तुपात सुई रोवणं! तेवढ्यात करवंदीची जाळी आडवी आली आणि तिने माझं धोतर धरलं. फळी पुढे, धोतर मागे, आणि मध्ये मी भोवऱ्यासारखा फिरतोय!

"उडी मारा!" मामाने हुकूम सोडला, आणि तो पहिल्यांदा स्वतःच पाळला.

मी एकटाच उरलो. फळी तिरकी झाली आणि थेट काथवटीवर चालून गेली. अण्णांनी मला येताना पाहिलं. "जावईबापू, तिकडं! तिकडं!" ते ओरडत होते. मला तिकडं जायचंच होतं हो! पण ठोकर बसली, मी उडालो आणि आपटलो तो काथवटीत, अण्णांच्या मांडीवर.

काथवट गरगरा फिरू लागली. अण्णांनी मला घट्ट मिठी मारली. मी त्यांना मारली. जन्मात इतके जवळ आम्ही कधी आलो नव्हतो. शेवटी गवताच्या गंजीत काथवट घुसली आणि सगळं अंधारलं.

गंजीतून आम्हाला उपसलं तेव्हा मामा लंगडत येऊन पोचला होता. अंगात फक्त सदरा घातलेला मी अजून अण्णांच्या मांडीवरच. अण्णांनी तोंडातली गवताची काडी काढली, मामाकडे रोखून बघितलं आणि म्हणाले, "दत्तोबा, लग्नात तुमी माझ्या शेजारीबी बसला नाय. भाचा बगा, मांडीवर बसला!"

आणि ते जे हसत सुटले! मामा म्हणाला, "अण्णा, गुडघा दुखत होता वो, म्हणून मागं बसलो, पाय पसरायला. त्या गर्दीत सांगायची लाज वाटली." म्हणता म्हणता त्याने हात जोडले, आणि अण्णांनी ते जोडलेले हात आपल्या हातांत धरले.

माझा घोटा भोपळ्याएवढा सुजला होता. यमुना मामीच्या कानाला लागली. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलण्याची तेव्हा रीत नव्हती. मामी मोठ्याने म्हणाली, "ती इचारते, हळदीचा लेप कोण लावनार? तुमी बाप्ये?"

अण्णांनी मान वळवून डोळे पुसले. "घेऊन जा तिला. पर गाडी सावकाश हाका."

बैलगाडीत मी पेंढ्यावर आडवा, अंगावर यमुनेची घोंगडी. मामा पुढे बैलांना काहीतरी सांगत होता. आधी यमुनेच्या खांद्यांना कंप सुटला, आणि मग ती खळखळून हसली. तिचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आता मामा नाही, अण्णा नाहीत. ती दिवेलागणीला दाराशी बसली की मी अजून तिला त्या दिवसाचं काही ना काही विचारतो, केवळ ती हसावी म्हणून.

तेव्हा गाडीत मी मामीला विचारलं, "मामी, पण जिंकलं कोण?"

मामीने पंचाचा आवाज काढला. "रेघ पयली वलांडली अण्णांच्या पागोट्यानं. ते तुमच्या आधीच गडगडत आलं. दुसरी आली फळी, रिकामी."

"आणि मी?"

"तू? तुला गंजीतनं काढून रेघेपार आनला, म्हणून तिसरा!"

दोघांच्या शर्यतीत तिसरा आलेला माणूस सगळ्या स्वित्झर्लंडात नसेल!