पत्र्यावरची बिटं

गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी दुपारी माझ्या वडिलांच्या छातीत पॉवर प्रेस सुरू झाली. ते घरामागच्या वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसून स्क्रू-ड्रायव्हरची बिटं लावत होते. आसपास कोणतंही यंत्र चालू नव्हतं.

"कसला आवाज?" मी विचारलं.

"आवाज न्हवं. धक्का. प्रेस पडली की जमिनीतनं पायात येतो तसा. फकस्त आता हितं." त्यांनी डाव्या खांद्याखाली बोट ठेवलं. तिथे कातडीखाली उन्हाळ्यात बसवलेला पेसमेकर आहे.

वडील निवृत्तीपर्यंत उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर होते. शेजारी, पत्र्यातून भाग ठोकून काढणाऱ्या पॉवर प्रेसवर, त्यांचा जोडीदार असायचा. कारखान्याला भोंगा नव्हता. जोडीदार सगळ्यांच्या आधी येऊन प्रेस सुरू करायचा आणि तिचा धक्का जाणवला की बाहेर चहा पीत उभी असलेली माणसं आत जायची. प्रेस थांबली की शिफ्ट सुटायची. पुढे जोडीदार वारला. प्रेस भंगारात गेली, त्यालाही बरीच वर्षं झाली.

"त्यानं सुरू केली," वडील म्हणाले. "म्हंजे आत जायची येळ झाली." दूध संपल्याचं सांगावं, तसा त्यांचा सूर होता.

डॉक्टरांकडे जायला त्यांनी नकार दिला. "डॉक्टर काय शिफ्ट बदलून देतोय?" असं म्हणून ते पुन्हा बिटं लावायला बसले.

बिटं म्हणजे एकाच दांड्यात बदलून बसवायची, बोटाच्या पेराएवढी पोलादी टोकं. ती आयुष्यभर बिस्किटांच्या डब्यांत पडून होती. ऑपरेशननंतरच्या विश्रांतीत वडिलांनी त्यांच्यासाठी भिंतीवर, टेबलाच्या अगदी कडेला, पत्रा ठोकला. पत्र्यामागे चुंबक बसवलं. ते गल्लीतल्या तालीम मंडळाच्या यंदाच्या विसर्जन मिरवणुकीत फाटलेल्या मोठ्या स्पीकरमधून काढलेलं होतं. बिटं पत्र्यावर ठेवली की चिकटून उभी राहायची.

प्रेस सुरू झाल्यानंतर त्यांनी प्रत्येक बिटाखाली कागदाची पट्टी लावायला घेतली. पट्टीवर नंबर नव्हता. ते बिट घरातलं काय उघडतं, ते लिहिलेलं होतं. चष्मा. मिक्सर. देवघरातला दिवा. शेगडीचं बटण.

"नंबर का नाही लिहीत, आबा?"

"माझ्यामागं तुला नंबर कळणार हायत व्हय?"

"मी शिकलेली आहे की."

"पेपरात. स्क्रूत न्हाय."

दसऱ्यापर्यंत ते रोज दुपारी पत्र्यासमोर बसू लागले. रोज प्रेस सुरू व्हायची. जेवताना नाही, झोपताना नाही, कट्ट्यावर बसल्यावर नाही. फक्त तिथे. ही गोष्ट माझ्याआधी त्यांच्याच लक्षात आली.

"तितंच येतोय त्यो. घरात पाय ठेवत न्हाय. पहिल्यापास्नं लाजाळू."

त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं. मापं घ्यायचा व्हर्नियर त्यांनी शेजाऱ्यांना देऊन टाकला. हिवाळ्याचे कपडे बाहेर काढून ठेवू का, असं मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. लागायचे न्हाईत."

मग एका दुपारी मी वर्कशॉपमध्ये त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि त्यांचं मनगट हातात घेतलं. नाडी सावकाश चालू होती. मधे एखादा ठोका पुढेमागे पडत होता. पट्टीवरचं अक्षर वाचायला ते पुढे वाकले. उजवीकडच्या दिव्याचा उजेड अडू नये म्हणून डावं अंग पुढे केल्याने डावा खांदा पत्र्याला टेकला. माझ्या बोटांखालची नाडी बदलली. ठोके जलद झाले आणि एकसारखे पडू लागले. त्यांत माणसासारखं काही राहिलं नव्हतं.

वडील पत्र्याकडे बघत होते. "आला," ते म्हणाले.

मी हात सोडला नाही. ते मागे सरले. नाडी पूर्वीसारखी झाली.

"कळलं न्हवं तुलाबी?" त्यांचा चेहरा उजळला होता. "मग चल तुझ्या डॉक्टरकडं. आता साक्षीदार हाय माझ्याकडं."

दवाखान्यातल्या तंत्रज्ञाने पेसमेकर तपासला. यंत्र ठीक होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजोबा, तिथं चुंबक हाय काय?"

"हाय की. स्पीकरचं."

"आणि त्याला छाती लावून बसताय व्हय?"

चुंबक अगदी जवळ आलं की पेसमेकर हृदयाकडे लक्ष देणं सोडतो आणि स्वतःच्या ठरलेल्या गतीने ठोके देत राहतो. लांब गेलं की पुन्हा हृदयाचं ऐकतो, असं तंत्रज्ञाने सांगितलं. चुंबकापासून दूर राहायची सूचना घरी जाताना दिली होती, याची त्याने आठवण करून दिली.

"मशीनपास्नं लांब ऱ्हावा म्हणालता," वडील म्हणाले. त्यांनी वेल्डिंगचं मशीन दवाखान्यातून घरी आल्याच्या आठवड्यातच विकलं होतं. "चुंबकाला ना वायर, ना बटण. ते कसलं मशीन?"

तंत्रज्ञ हसला. वडील हसले नाहीत.

त्याच संध्याकाळी मी चुंबक काढून भंगारवाल्याकडे दिलं. वडिलांनी लाकडी ठोकळ्यात भोकं पाडली, बिटं त्यांत उभी केली आणि पट्ट्या त्याच क्रमाने चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा स्टुलावर बसले. मी मनगट धरलं. ते वाकले, डावा खांदा रिकाम्या पत्र्याला टेकवला आणि तसेच थांबले. नाडी सावकाशच राहिली. मधे एक ठोका चुकला.

"प्रेस बंद हाय," ते म्हणाले.

"बरं झालं की, आबा."

"प्रेस बंद झाली म्हंजे सुट्टी झाली." त्यांनी फडक्याने हात पुसले, दिवा घालवला, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

त्यानंतर ते वर्कशॉपमध्ये गेलेले नाहीत. जेवण पूर्वीसारखं आहे. थंडी सुरू झाल्यावर स्वेटर त्यांनी स्वतःच मागितला.

गेल्या आठवड्यात त्यांच्या चष्म्याची काडी निखळली. त्यांनी चष्मा आणि तळहातावरचा बारीक स्क्रू माझ्यापुढे धरला. मी कुलूप उघडलं, ठोकळ्यातलं 'चष्मा' लिहिलेलं बिट दांड्यात बसवून घेऊन आले. मी ते त्यांच्या तळहाताजवळ नेलं. टेकण्याआधीच स्क्रू आपणहून उभा राहिला आणि बिटाला जाऊन चिकटला.